अर्ध्यावर उठून आलेली कोलाप

बट्टंबांग शहराच्या पश्चिमेला, सरहद्दीकडच्या डोंगरपट्ट्यात, कोलापच्या डोळ्यांची ख्याती होती. पल्याडच्या उतारावर मक्यात गुरं शिरली, की ती कुणाची हे ती अंगणातून सांगायची. "तुटक्या शिंगाची आहे, म्हणजे थावीची. हाका मारा थावीला." माणसं खात्री करायला जात आणि थावीचीच गाय हाकून आणत.

शाळेत मात्र तिची गणना आळशांत. पुस्तक उघडलं की दोन ओळींत अक्षरं पांगायची, भुवयांच्या वर ठणका लागायचा. गुरुजी म्हणायचे, "रानात हिंडताना पाय दुखत नाहीत हिचे, वाचायला बसवलं की डोकं दुखतं." वर्ग हसायचा. चौथीनंतर कोलापने शाळा सोडली, आणि तिला थांबवायला कुणी आलं नाही.

चोविसाव्या वर्षी ती सुरुंग काढणाऱ्यांच्या तुकडीत लागली. त्या मुलखात जुन्या लढायांचे सुरुंग जमिनीत अजून तसेच होते. पाय गेलेलं माणूस नाही असं घर शोधावं लागे. काम गुडघ्यांवर बसून करायचं. अंगात चिलखती जाकीट, तोंडापुढे जाड पारदर्शक काच. हातभर रुंदीची जमिनीची पट्टी, दोन्ही बाजूंना लाल टोकाच्या खुंट्या. धातू हुडकणारा डिटेक्टर आधी जमिनीवरून फिरवायचा. तो कुरकुरला की यंत्र बाजूला ठेवून खुरप्याने कडेकडेने माती काढायची, वरून कधीच नाही. खिळा निघो की सुरुंग, ते डोळ्यांनी ओळखायचं. कोलाप आठ वर्षं हे करत होती. तुकडीतल्या धाकट्या तिला बाँग, म्हणजे थोरली, म्हणत, आणि नव्या मुलींना तिच्याच शेजारची पट्टी मिळे.

बत्तिसाव्या वर्षी दुपारचा ठणका रोजचा झाला. आई तिच्या पाठीवर नाणं घासून लाल पट्टे काढायची. "वारा भरलाय अंगात," आई म्हणायची. कोलापलाही ते पटायचं, कारण डोंगरावरचं झाड तिला अजून पानापानाने दिसत होतं. डोळ्यांवर संशय घ्यायचा तरी कसा?

मग एका सकाळी, साडेदहाच्या सुमारास, डिटेक्टर कुरकुरला. कोलापने माती काढायला घेतली. वीतभर खाली काहीतरी तपकिरी दिसलं. मूळ असावं. की सुरुंगाची कड? तिने मान मागे घेतली, जवळ नेली, डोळे मिटून उघडले. ती वस्तू क्षणभर नीट दिसली आणि पुन्हा पाण्याखाली गेल्यासारखी विरघळली. कोलापने खुरपं हळूच खाली ठेवलं, हात वर केला, आणि आल्या वाटेने पट्टीतून मागे चालत आली.

तुकडीचा प्रमुख वुथी सावलीत उभा होता. "काय झालं? ऊन लागलं?"

"जवळचं दिसत नाही मला," कोलाप म्हणाली.

"तुला?" वुथी हसला आणि तिचा चेहरा बघून थांबला. जाकीट चढवून तो स्वतः पट्टीत गेला. ते मूळ नव्हतं. तळहाताएवढा सुरुंग होता, एका अंगावर कललेला. दुपारी सगळ्यांना लांब नेऊन त्यांनी तो तिथेच उडवला.

नीमोल नावाची तिची जोडीदारीण पाण्याची बाटली घेऊन तिच्याजवळ बसली. "बाँग, ताप आला म्हणायचं होतंस. डोळ्यांचं कशाला बोललीस? घरी बसवतील आता."

"बसवू देत," कोलाप म्हणाली आणि उठून वुथीकडे गेली. "गेल्या पंधरा दिवसांत मी खणलेली जागा परत तपासा."

"यंत्र बोललं तिथे तू खणलंस. आणखी काय तपासायचं?"

"यंत्र बोललं आणि मी खिळा समजून, गंजका पत्रा समजून पुढे गेले, तसं कुठे झालं असेल तर? उद्या तिथे कुणीतरी नांगर घालेल."

वुथीने डोकं खाजवत वही उघडली आणि तिच्या पट्ट्यांच्या नोंदी काढल्या. चार दिवस सगळी तुकडी उन्हात तीच जमीन पुन्हा हुंगत राहिली. "डोळे हिचे, शिक्षा आमच्या गुडघ्यांना," नीमोल पुटपुटायची, पण हात भराभर न चालवता. कोलापला पट्टीत जायची बंदी होती. ती सगळ्यांसाठी पाणी उकळायची, भात आणि सुकी मासळी वाढायची, आणि कुणाच्या टोमण्याला उत्तर द्यायची नाही. चार दिवसांत खिळे निघाले, काडतुसांची टरफलं निघाली. सुरुंग एकही निघाला नाही.

पाचव्या दिवशी वुथीने तिला मोटरसायकलवर बसवून शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तपासणारी बाई, थियरी, वयाने तिच्याएवढीच होती. लांबच्या फळ्यावरची सगळ्यांत बारीक ओळ कोलापने घडाघडा सांगितली आणि वुथीकडे बघितलं. थियरीने मान डोलावली आणि तिच्या डोळ्यांत थेंब घातले.

"आता थोडा वेळ बस. मग खिडकीबाहेर बघ."

कोलापने बघितलं. नेहमीची टेकडी होती, पण टेकडीवरचा बुद्धमंदिराचा कळस नव्हता. नुसता पिवळा डाग होता. ती थियरीकडे वळली. "माझे डोळे काय केलेत तुम्ही?"

"काही नाही. त्यांना विश्रांती दिली," थियरी म्हणाली. "तुझा डोळा पुढून मागे जरा आखूड आहे. चित्र पडद्यावर उमटायचं ते पडद्याच्या मागे जातं. मग आतला स्नायू भिंग आवळून त्याला ओढून पुढे आणतो. लांबचं बघतानाही आवळतो, जवळचं बघताना दुप्पट. थेंबांनी तो सैल पडला, म्हणून तुला खरं काय ते दिसलं."

"म्हणजे लांबचं मला चांगलं दिसत नव्हतंच?"

"दिसत होतं, पण फुकट नाही. लोक याला लांबचं दिसणारा डोळा म्हणतात, त्यामुळे फसगत होते. तू जन्मभर पाण्याची घागर डोक्यावर घेऊन चालत होतीस. तरुणपणी जड वाटली नाही. तिशीनंतर मान दुखणारच. शाळेत वाचताना डोकं दुखायचं?"

कोलाप म्हणाली, "गुरुजी आळशी म्हणायचे."

"आळशी? तुझ्या डोळ्यांइतकं काम त्या वर्गात कुणी केलं नसेल."

परतताना ती वुथीच्या पाठीमागे ताठ बसली होती. डोळे थेंबांमुळे चुरचुरत होते, आणि चुरचुरण्याआड ती थोडीशी रडलीही.

चष्मा आठवड्याने आला, मधे फुगीर भिंगांचा. पहिले दोन दिवस जमीन वर आल्यासारखी वाटायची, पायरीवर पाय चुकायचा. चष्म्यामागे डोळे मोठे दिसतात म्हणून नीमोल तिला घुबड म्हणू लागली. तिसऱ्या दिवशी कोलापला तांदळातला खडा दिसला, आईच्या हातावरच्या भाजल्याच्या बारीक खुणा दिसल्या, आणि दुपार झाली तरी ठणका आला नाही. आईने सवयीने नाणं काढलं आणि पुन्हा डब्यात ठेवून दिलं.

सरावाच्या पट्टीत खोटे सुरुंग पुरून वुथीने तिची दोनदा परीक्षा घेतली. दोन्ही वेळा तिने सगळे काढले, आणि अर्ध्यावर सोडलेली पट्टी मग तिनेच पुरी केली. तेव्हापासून आत जाण्याआधी प्रत्येकाने बारीक अक्षरांचा कागद हातभर अंतरावरून वाचायचा, असा नियम वुथीने घातला. पहिल्याच सकाळी तो स्वतः अडखळला. त्याचं वय सत्तेचाळीस होतं. कुणी हसलं नाही. कोलापने त्याला दवाखान्याचा पत्ता दिला.

कोरड्या महिन्यांच्या शेवटी ती जमीन मोकळी झाली. चालीप्रमाणे आधी तुकडीने ती आडवीतिडवी चालून दाखवली, मग गावकरी आत आले. जमिनीची मालकीण, नव्वदीची साव्युन, जिला सगळे येय, म्हणजे आजी, म्हणत, काठी टेकत पुढे आली.

"तुमच्यात डोळे अधू असलेली कोण म्हणे?"

कोलापने चष्मा नाकावर सारखा केला. "मी, येय."

म्हातारीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "अर्ध्यावर उठलीस ती तूच. आणि झालेलं परत तपासायला लावलंस."

"हो."

"तुझी पट्टी कुठली होती?"

कोलापने बोट दाखवलं. म्हातारीने चपला काढल्या, नातसुनेचा हात सोडला आणि त्या मातीवर अनवाणी चालत गेली. तिथेच उकिडवी बसली, मूठभर माती उचलून चुरली. "घराचा पहिला खांब इथे," ती मागे न बघता म्हणाली. "माझा बिछाना याच्या शेजारी."

नीमोलने कोलापला कोपराने ढोसलं. "बघ घुबडा, तुझ्या पट्टीवर लोक झोपणार."

"झोपू देत," कोलाप म्हणाली. "बघून ठेवली आहे मी."