घरातलं माणूस

जनावरांच्या दवाखान्यात तिला सगळे लंबू डॉक्टर म्हणायचे. घोड्याचे दात बघायला इतरांना स्टूल लागे, हिने नुसती मान वाकवली की झालं. हातही तसेच लांब. वासरू कितीही आत दडून बसलेलं असो, लंबू डॉक्टरच्या हाताला त्याचा पाय लागायचाच. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. फक्त घराचा विषय निघाला की बाई गोगलगाईसारखी शंखात जायची.

घरी तिची जोडीदार होती. चष्म्याच्या दुकानात काचा घासून द्यायची. दोघींचा संसार चारचौघांसारखाच होता. ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला यावरून भांडण, आणि भांडण मिटलं की एकीने चहा करायचा नि दुसरीने नावं ठेवत प्यायचा. पण दवाखान्यात लंबू डॉक्टर तिला ‘माझी खोलीतली मैत्रीण’ म्हणायची.

ही सवय कॉलेजातली. पशुवैद्यक शिकताना वर्गातल्या एका मुलाबद्दल कुजबुज उठली, की त्याचा जीव दुसऱ्या मुलावर जडलाय. वसतिगृहात त्याच्या खोलीत राहायला कुणी तयार होईना. तोंडी परीक्षेत मास्तरांनी गायीचं सोडून त्याच्या चालण्याबोलण्यावर प्रश्न विचारले. दाद मागायला तो कार्यालयात गेला, तर नियमांत त्याच्यासाठी एक ओळही नव्हती. एका सकाळी ट्रंक उचलून तो गेला तो गेलाच. तेव्हापासून लंबूने तोंडाला कुलूप घातलं.

ते कुलूप निघालं जोडीदाराच्या पित्ताशयातल्या खड्यांमुळे. ऑपरेशन ठरलं तशी लंबू डॉक्टर रजा मागायला थोरल्या डॉक्टरांकडे गेली. दवाखाना त्यांच्या मालकीचा. माणूस मनाने वाईट नव्हता, पण ‘लोक काय म्हणतील’ हे त्यांचं जुनं दुखणं.

“मैत्रिणीसाठी रजा कशी देऊ?” ते म्हणाले. “घरातलं माणूस असतं तर गोष्ट वेगळी.”

“घरातलीच आहे, सर.”

“म्हणजे बहीण?”

“नाही. तुमच्या घरी वहिनी आहेत ना, तशी माझ्या घरी ती आहे.”

थोरल्या डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रजा दिली. पण ती कामावर परतली तेव्हा गोठ्यांवरच्या तिच्या फेऱ्या दुसऱ्यांना वाटून झाल्या होत्या. तिला मिळाली मागची अंधारी खोली, सूक्ष्मदर्शक आणि जनावरांच्या शेणाचे नमुने.

“लोक कुरकुर करतात गं,” थोरले डॉक्टर तिच्याकडे न बघता म्हणाले.

“कोण लोक? एकाचं तरी नाव सांगा.”

कुणी तक्रार केलीच नव्हती.

लंबू डॉक्टर घरी येऊन रडली, मग चिडली, मग राजीनामा देते म्हणाली. जोडीदार पोटाला उशी लावून बसली होती. “दे ना,” ती म्हणाली. “पण पुढच्या दवाखान्यात मी पुन्हा खोलीतली मैत्रीण होणार असेन तर नको देऊस.”

राजीनामा राहिला. शेणाचे नमुने तपासण्यात दिवस जाऊ लागले. पुढे एका दुपारी एका गोठ्यातून निरोप आला. गाय व्यायली होती आणि तिचं गर्भाशय बाहेर आलं होतं. बाकीचे डॉक्टर लांबच्या फेऱ्यांवर. थोरल्या डॉक्टरांच्या खांद्यात जोर उरला नव्हता. त्यांनी मागच्या खोलीचं दार वाजवलं.

दोघं मिळून गेले. थोरल्या डॉक्टरांनी चादरीवर गर्भाशय उचलून धरलं, लंबूने ते धुतलं, सूज उतरायला वर साखर चोळली आणि मुठींनी हळूहळू आत सारलं. गायीने कळ दिली की थांबायचं, तिने दम घेतला की पुन्हा. शेवटी खांद्यापर्यंत हात घालून तिने सगळं जागच्या जागी बसवलं. गाय उभी राहिली आणि वासराला चाटू लागली.

बादलीत हात धुताना थोरले डॉक्टर म्हणाले, “उद्यापासून तुझ्या फेऱ्या तुला. झालं गेलं विसर.”

“विसरेन. पण हे माझे हात लांब आहेत म्हणून, ना सर?”

“मग?”

“उद्या कुणी आखूड हाताचा येईल. बेताचा डॉक्टर, आणि घर माझ्यासारखं. त्याने काय करायचं? नियमातच लिहा.”

“माझ्या दवाखान्यात असलं काही होत नाही.”

“झालं की. मी इथेच उभी आहे.”



पुढच्या आठवड्यात थोरले डॉक्टर कागद घेऊन बसले. तूच लिहून दे म्हणाले, तर तिने साफ नकार दिला. खोडाखोड करत त्यांनी मजकूर तयार केला: कुणाचं प्रेम कुणावर आहे, कोण स्वतःला बाई मानतं की पुरुष, यावरून नेमणूक, काम किंवा रजा यांत कुणालाही वेगळं वागवलं जाणार नाही, आणि घरातलं माणूस कोण, ते कामावरचा माणूस सांगेल. एका डॉक्टरने महिनाभर तोंड फुगवलं. काउंटरवरच्या मावशींनी मात्र वाचून विचारलं, “मग आता तुमच्या त्यांच्याकडून चष्मा स्वस्तात करून मिळेल का?” त्यावर लंबू डॉक्टर पोट धरून हसली.

लंबूच्या जुन्या कॉलेजची मुलं शिकायला या दवाखान्यात येत. त्यांच्याकडून मजकूर कॉलेजात पोचला. तिथल्या समितीने एकेका शब्दाचा कीस पाडला, दोनदा विषय गुंडाळला, पण अखेर नियम झाला, वसतिगृहासकट. तो ट्रंकवाला मुलगा कुठे आहे, हे लंबू डॉक्टरला शोधूनही कळलं नाही. ती सल राहिलीच.

गेल्या वर्षी एक नवा डॉक्टर मुलाखतीला आला. घसा खाकरून म्हणाला, “आधीच सांगतो सर, माझा जोडीदार शाळेत शिक्षक आहे. तो आणि मी...”

थोरल्या डॉक्टरांनी मान डोलावली. “त्यांची शाळा इथून जवळ आहे का? येण्याजाण्यात जीव जातो हो माणसाचा.”

नोकरी मिळाली. डॉक्टर बेताचाच निघाला. टाके वाकडे घालतो, आणि त्यावरून लंबू डॉक्टरची बोलणी रोज खातो. दुपारी मात्र डबा उघडून जोडीदाराच्या स्वयंपाकाची सगळ्यांसमोर यथेच्छ निंदा करतो.