आजोबांची गुलाबी बाटली

बाळांनो, आजोबा गेले तेव्हा तुम्हाला येता आलं नाही. गेल्या आठवड्यात एका प्रयोगशाळेतून फोन आला, म्हणून हे आता लिहिते आहे. बोलून सांगायला गेले, तर संकोचाने निम्मं गाळेन.

तीन वर्षांपूर्वी उल्हासनगरच्या एका रुग्णालयात आजोबांच्या वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीचं ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी एक संशोधक मुलगी काढलेल्या ग्रंथीचा तुकडा संशोधनासाठी घेण्याची परवानगी मागायला आली. ग्रंथीत मोजक्या मूळ पेशी असतात, बाकीच्या त्यांच्यापासून तयार होतात. त्या ओळखता आल्या तर कॅन्सर कुठून सुरू होतो तेही कळेल, असं तिने सांगितलं.

"म्हणजे कणगीतलं कुठलं भात उगवणार ते शोधायचं," कुळगावच्या शेतात वाढलेले आजोबा म्हणाले. त्यांचे थोरले भाऊ प्रोस्टेटच्याच कॅन्सरने गेले होते. "दादाच्या वेळी कोणाला काही कळलं नाही. माझं तरी कामी येऊ दे." त्यांनी सही केली.

आपल्याकडे काढलेला तुकडा तपासणीला पोचवायचं काम नातेवाइकांचंच. नर्सने इंग्रजी लेबलं लावलेल्या दोन बाटल्या दिल्या: फॉर्मेलिन या रसायनातली रिपोर्टसाठी, पेशी जिवंत ठेवणाऱ्या गुलाबी द्रावातली त्या मुलीसाठी. "गुलाबीला फॉर्मेलिन लागलं की पेशी मेल्या," मुलीने बजावलं होतं. पण पुरुषांचं दुखणं, रिक्षात कोणी पाहू नये म्हणून मी दोन्ही सारख्याच नॅपकिनांत गुंडाळून त्या मुलीने दिलेल्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या. रिपोर्टच्या लॅबच्या काउंटरवर नेमकी चुकीची पुढे केली.

तिथल्या माणसाने नॅपकिन सोडला. "आजी, यात फॉर्मेलिनच नाय. ओततो मी, टेन्शन नको." त्याने झाकण फिरवायला घेतलं.

"थांबा! जिवंत आहे ते!"

"कोण जिवंत आहे?"

"आमच्या ह्यांच्या प्रोस्टेटच्या पेशी!" सगळ्या रांगेला ऐकू गेलं. त्याने झाकण घट्ट करून बाटली परत दिली आणि मी दुसरी पुढे केली.

दुपारी ती त्या मुलीच्या हाती सोपवली आणि आजोबांना सगळं सांगितलं. "एवढं इंग्रजी शिकलीस," ते म्हणाले, "आणि लेबल वाचलं नाहीस?" हसल्यावर टाके दुखले त्यांना, तरी हसले.

रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला नाही. वर्षभरापूर्वी ते हृदयविकाराने गेले.

फोन त्याच मुलीचा होता. तुकड्यातल्या काही पेशींनी पुन्हा पुन्हा नव्या पेशी तयार केल्या. शोधत होतो त्या याच असाव्यात, पण खात्री व्हायची आहे, असं ती म्हणाली. या पेशी पुढेही ठेवू का, विचारत होती. मी हो म्हटलं.

त्या पेशी तिथे गोठवून ठेवल्या आहेत आणि अजून जिवंत आहेत.