मायच्या हातची म्हैस

माझी माय, सत्यभामा, गेल्या माघात गेली. भेटायला आलेल्या बायका म्हणत होत्या, "लई सोसलं बाईनं." खरंच आहे, पण असं कुणाहीबद्दल म्हणता येतं. माय कशात अडकली होती ते मला नेमकं ठाऊक आहे. ती तिच्या म्हशीत अडकली होती.

तिचं माहेर लिंबागणेश, सासर पालीच्या पलीकडचं आमचं लहानसं गाव. सासरी चूल माझ्या आजीच्या ताब्यात, शेत माझ्या वडलांच्या, आप्पांच्या. मायचं म्हणावं असं काहीच नव्हतं. मग गावात बायकांची दूध संस्था निघाली आणि सभासदांत तिचं नाव लागलं. सकाळी दूध मापताना केंद्रावरचा पंडित मोठ्यानं पुकारायचा, "सत्यभामा धोंडीराम!" घरात तिला सगळे नुसतं "अगं" नाहीतर "ए" म्हणत. त्या पुकाऱ्यासाठी ती म्हशीजवळ दुसऱ्या कुणाला बसूच देत नसे. अंगात ताप असला तरी उठायची. धार काढणारा हात एकच असला की जनावर त्या हाताची सवय धरतं. आमच्या म्हशीनंही धरली. दुसरं कुणी बसलं की पान्हा चोरायची, लाथ झाडायची. मायला त्याचा केवढा तोरा! "माझ्याबिगर न्हाई देत बया," असं शेजारणींना हसून सांगायची.

दोन हजार तेराच्या दुष्काळात बिंदुसरा धरणाचा तळ उघडा पडला. संस्थेनं पालीजवळच्या माळावर चारा छावणी घातली. जनावराजवळ घरचं एक माणूस राहिलंच पाहिजे, असा तिथला नियम. आजी अंथरुणावर आणि टँकरच्या येण्याचा काही नेम नाही, म्हणून आप्पा गावात थांबले. माय म्हशीला घेऊन छावणीत गेली. वर हिरवी जाळी, खाली एक बाज, एक पत्र्याची पेटी, तीन दगडांची चूल. आंघोळीला पडदासुद्धा नाही. जनावरं दाव्याला बांधलेली, आणि बायका दावं नसताना बांधलेल्या.

त्याच उन्हाळ्यात माझं पहिलं बाळंतपण आलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण माहेरी प्यायला पाणी नव्हतं आणि घरात मायही नव्हती. माजलगावच्या माझ्या सासूबाई ताराबाई सरळच बोलल्या, "सुनेला काय छावणीत बाळंत करू? हितंच होऊ द्या." त्यांचं चुकलं नव्हतं, पण मायला ते लागलं. फोनवर एवढंच म्हणाली, "कळा लागल्या की सांग. येते मी."

मला पहाटे कळा लागल्या. सकाळची धार काढून माय एस.टी.नं आली तेव्हा दवाखान्यात दहा वाजले होते. लुगड्याला पेंडीचा वास. बाहेर वैशाखाचं ऊन, तिचे ओठ फुटलेले.

"ईहीणबाई, पाणी घ्या," सासूबाईंनी तांब्या पुढे केला.

"नातवंडाचं तोंड बघितल्याबिगर लेकीच्या घरचं पाणी पीत न्हाई आमी."

"पाणी दवाखान्याचं हाय. माझ्या घरचं न्हाई."

"तांब्या तुमचाच हाय की."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून बराच वेळ लागेल. दुपारी दोनची एस.टी. गाठली तरच सांजच्या धारेला पोचता येणार होतं. दीड वाजता माय उठली. मी तिचा पदर धरला. "माय, नको ना जाऊ."

"कास दगडावाणी होईल गं तिची." हळूच पदर सोडवून ती गेली. मी भिंतीकडे तोंड केलं. तिच्यावर रागवावं की त्या म्हशीवर, मला कळत नव्हतं.

थोड्या वेळानं व्हरांड्यात तिचाच आवाज आला. स्टँडवरून परत आली होती. आप्पांना त्या दिवसापुरतं तिनं छावणीत बसवलं होतं आणि आता फोनवर त्यांना सांगत होती. सगळा दवाखाना ऐकत होता.

"अहो, पेटीत माझं हिरवं लुगडं हाय. ते नेसा अन् धारेला बसा."

आप्पांचा आवाज फोनमधून बाहेर पडला, "मी? लुगडं? अख्खी छावणी बघतिया!"

"बघू द्या. म्हशीला तुमी दिसू नका म्हंजे झालं. अन् माझ्यावाणी बोला तिच्यासंगं."

"तुझ्यावाणी म्हंजे? शिव्या देऊ?"

एवढ्या कळांत मला हसू फुटलं. सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "ईहीणबाई, फोटो काढायला सांगा कुणाला तरी."

दिवस मावळता मावळता मुलगी झाली. मायनं तिचं तोंड पाहिलं आणि मग तो तांब्या एका दमात रिकामा केला.

तिकडे आप्पा लुगडं नेसून बसले होते. लोक हसले, म्हैस मात्र फसली नाही. हुंगून बघितलं, थोडं दूध दिलं आणि बादली लवंडली. दुसऱ्या दिवशी मायनं पोरीला पायांवर घेऊन एकदा न्हाऊ घातलं, मला तेल लावलं आणि पहिल्या गाडीनं निघाली. मायच्या हातचं माझं बाळंतपण ते एवढंच. पुढचं सगळं सासूबाईंनी केलं, आणि मनापासून केलं.

म्हशीची दोन सडं त्या चुकलेल्या धारेत सुजली ती सुजलीच. गुरांच्या डॉक्टरनं सुया दिल्या, मायनं शेक दिला. दिवाळी येईपर्यंत छावणी उठली होती आणि म्हैस पार आटली होती. केंद्रावर पंडितानं तिचं नाव पुकारायचं कारण उरलं नाही.

तेव्हा माय पिशवी घेऊन माजलगावला आली. आमची समृद्धी आता माणसं ओळखू लागली होती. मायनं हात पुढे करताच तिनं भोकाड पसरलं आणि सासूबाईंच्या खांद्याला घट्ट चिकटली. सासूबाई ओशाळल्या, "नवीन माणूस दिसलं की करती असं."

"रडू द्या," माय म्हणाली. पिशवी कोपऱ्यात ठेवून भिंतीला टेकून बसली. "मला आता कुठं जायचंय?"

ते ती सुखानं म्हणाली की दुःखानं, मला आजही सांगता येत नाही.