नाटकातला इंजिनिअर

एखाद्या नाटकाबद्दल कुणी "पात्र काय जिवंत उतरलंय!" म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. समीक्षक नावाच्या जमातीवरचा माझा राग जुना आहे आणि तो जाईल असं मला वाटत नाही.

आम्ही चामराजपेटेतले शिंपी. कैक पिढ्या घरात मराठी आणि दुकानात कन्नड. माझी थोरली बहीण, अक्का, मॅट्रिक होऊन घरी बसली होती. त्या संक्रांतीला एका रेडिओच्या व्यापाऱ्यानं शहरात जाहीर प्रश्नोत्तरांची स्पर्धा ठेवली. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, अक्काला शब्द दिला, "जिंकलीस तर कॉलेजात घालतो." भरल्या सभागृहात वकील-मास्तरांना मागे टाकून अक्का जिंकली. बक्षिसाचा रेडिओ घरी आला तेव्हा बघायला सगळी गल्ली लोटली. अप्पा दिसेल त्याला कॉफी पाजत होते. कॉलेज जूनमध्ये उघडणार होतं.

सरकारी कारखान्यांतून नोकरीला आलेल्या पुण्या-मुंबईकडच्या लोकांचं एक मंडळ होतं. पाडव्याला ते नाटक करत. यंदा अक्कावरच करायचं, असं त्यांनी ठरवलं. नाटक लिहिणारे गृहस्थ जयनगराहून आमच्याकडे आले, दोनदा उप्पीट मागून घेतलं आणि अक्काला म्हणाले, "तुम्हाला एवढं शिकवलं कुणी?"

"शिकवणार कोण? संध्याकाळी वाचनालयात जातो की. अप्पा बाहेर पायरीवर बसतात, मी स्वल्प वाचते, मग दोघं घरी येतो."

गृहस्थ हसले. "यात नाट्य नाही हो."

म्हणून त्यांनी ते घातलं. नाटकातल्या शिंप्याच्या मुलीला एक तरुण इंजिनिअर रोज संध्याकाळी शिकवायचा, तिला जगाचं ज्ञान द्यायचा. अप्पांना नाटकात जागाच नव्हती, मुलगी अनाथ होती. मध्यंतरात अक्काला रंगमंचावर बोलावून नारळ दिला. घरी येताना ती हसत होती, "तो इंजिनिअर कुठं भेटतो म्हणे? मला पण बघायचंय की!" अप्पाही हसले. तेव्हा आम्हाला हसू येत होतं.

मग पुण्याच्या एका साप्ताहिकात परीक्षण आलं. समीक्षक पाहुणा म्हणून आला होता, मंडळाच्याच कुणाकडे उतरून श्रीखंड खाऊन गेला होता. त्यानं लिहिलं की शिंप्याच्या मुलीचा विजय एरवी कुणाला पटला नसता, तो पटतो या इंजिनिअरमुळे. हे पात्र इतकं जिवंत आहे, की असा कुणीतरी तिच्या आयुष्यात खरोखरच असला पाहिजे. मंडळानं पेढे वाटले.

ते साप्ताहिक फिरत फिरत आमच्या समाजाच्या विठ्ठल मंदिरात पोचलं. आमच्या लोकांनी नाटक पाहिलं नव्हतं, पण छापलेलं खोटं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. भजनाला आलेल्या बायका आईला विचारू लागल्या, "अक्काकडे यायचा तो कोण?" आईनं "कुणी नाही" म्हटलं तर, "मग पुण्याच्या पेपरात कसं आलं?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अप्पा जयनगरला गेले. मीही बरोबर होते. "असा कुणी नव्हता, एवढं त्या पेपराला कळवा," अप्पा हात जोडून म्हणाले. गृहस्थांना त्यांची कीव आली. "अहो, ही तर दाद आहे! तुम्हाला नाटकातलं कळत नाही." आम्ही परत आलो.  वाटभर मी त्या गृहस्थाला मनात शिव्या मोजत होते.

जूनमध्ये एका सकाळी अक्का इस्त्रीची साडी नेसून कॉलेजात नाव घालायला निघाली. अप्पा मशीनवर होते. त्यांनी पाय थांबवला, पण मान वर केली नाही.

"एक खरं सांग, अक्का. होता का ग कुणी?"

रोज संध्याकाळी त्या पायरीवर बसणाऱ्या माणसानं हे विचारलं.  अक्का आत गेली, साडी बदलून आली आणि त्यांच्या शेजारी बसून शर्टाची काजं करू लागली. अप्पांनी तिला कॉलेजात जाऊ नको असं कधीच म्हटलं नाही.