सांधा की नुसती रेघ

नलूमावशी गेली, हे काकांनी मस्कतहून फोनवर दोनच शब्दांत सांगितलं. मग ग्रुपवर श्रद्धांजल्या सुरू झाल्या. हसतमुख, सुगरण, आणि ‘जुन्या तलवारींचा छंद’. छंद म्हणे! पुरुष असती तर तज्ज्ञ म्हणाला असतात.

मस्कतमधल्या अल् खुवैरच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्याच टेबलावर, ती क्रिस तपासायची. क्रिस म्हणजे दक्षिण फिलिपिन्समधल्या मोरो लोकांची तलवार, बहुतेकदा नागमोडी. हलक्या हातानं गंज काढून ती पात्यावर लिंबू फिरवायची. लोखंडाचे थर हळूहळू वर यायचे... “हे लिंबू पोह्यांचं की तलवारीचं?” काका विचारायचे. “अर्धं अर्धं,” मावशी म्हणायची.

इब्रा गावचे सलीमभाई त्यांच्या आजोबांची क्रिस घेऊन आले, तेव्हा मी सुट्टीला तिथंच होते. आजोबा जहाजावर नोकरीला होते, फिलिपिन्सहून त्यांनी ती आणलेली. मुलाच्या लग्नात सलीमभाईंना ती त्याच्या हातात द्यायची होती. पण आधी तिचं वय खरंखरं कळायला हवं होतं. सूकमधला, म्हणजे तिथल्या बाजारातला, दुकानदार म्हणाला होता, घासून चकचकीत करा, हवी तेवढी जुनी म्हणा. असल्या लोकांची मला चीड येते!

जुन्या क्रिसमध्ये मुठीलगतचा रुंद भाग वेगळा घडवून पात्याला जोडलेला असतो. पुढं सगळं एकसंध घडवून वर नुसती सांध्याची रेघ कोरू लागले. मावशीनं लिंबू फिरवलं, पातं खिडकीशी तिरकं धरलं. थर रेघेखालून सरळ पलीकडं गेले होते; सांधा नव्हताच.

“नकली है, मॅडम?” सलीमभाईंचा चेहरा उतरला.

“नकली नहीं. उमर कम है.” मग तिनं गुळगुळीत झालेली मूठ त्यांच्या तळहातात ठेवली. “लेकिन ये तो आपके ही घर में घिसा है.”

सलीमभाईंनी मूठ आवळली नि हसले. “खलास,” म्हणजे ठरलं. “बेटे को यही बोलेगा.”

ते गेल्यावर मी तिला आमच्या संघटनेसाठी लिहिलेलं माझं नवं पत्रक वाचून दाखवलं. “आवेश झकास आहे गं,” ती म्हणाली, “पण पहिल्या परिच्छेदाचा दुसऱ्याशी सांधा कुठाय? नुसती रेघ ओढलीयेस.” मी खूप भांडले. तिला मजा वाटत होती.

परवा मस्कतला काकांकडे गेले. त्यांनी पोहे केले, लिंबू कापलं, एक फोड माझ्या बशीत पिळली. दुसरी, न विचारता, टेबलाच्या तिच्या बाजूला ठेवली.