सख्खे की चुलत

चिमाबाईला जगात फक्त स्वतःच्या नाकाचा भरवसा. दूधवाल्याची पाठ वळली की ती भांडं हुंगायची. राखोलीच्या सूत कारखान्यात बॉबिनवरचं उरलेलं सूत सोडवण्यात तिची बावीस वर्षं गेली, आणि सुपरवायझरनं कधी चहा पाजलाच तर ही आधी विचारायची, कशाबद्दल? मी शोभा, तिची आमलीतली शेजारीण. मी दिलेला कढीपत्तासुद्धा ती उलटसुलट करून बघते.

घरात दोन मुलगे. कल्पेश पोटचा. विश्वनाथ दिराचा, आईबाप गेल्यावर तीन वर्षांचा असताना आणलेला. दोघांना तिनं एका ताटात जेवू घातलं, आणि त्यात कधी डावंउजवं केलं नाही.

गेल्या वर्षी कल्पेश आणि त्याची बायको सोनम एका नव्या पंथाच्या प्रार्थना हॉलला जायला लागले. चिमाबाई जुन्या चर्चची, रोज रोझरीची माळ जपणारी. एका संध्याकाळी जेवताना कल्पेश म्हणाला, "आई, येशूला सख्खे भाऊ व्हते. मरियेचेच पोरगे. याकोब, योसे. बायबलमंदी नावं हायेत."

"ते चुलत. मरियेला येशू एकटाच, फादर सांगतात."

पण सख्खे की चुलत ही चौकशी आत्ताच का? त्याच आठवड्यात सोनम मागची खोली ओढणीनं मापताना तिला दिसली होती. कल्पेश तर फोनवर बोलता बोलता तिला पाहून गप्प व्हायचा. विश्वनाथला घराबाहेर काढायचा बेत शिजतोय, याबद्दल तिची खात्री पटली. मला म्हणाली, "बायबल नुसतं निमित्त हाय गं."

खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटलं.

मग तिनं कंबर कसली. कल्पेशला वादात हरवलं की विश्वनाथचं घर वाचलं, असं काहीसं तिच्या डोक्यात बसलं. फादरांना विचारून आली आणि त्याच संध्याकाळी जेवताना विषय काढला. मी तेव्हा भाजीची वाटी घेऊन दारातच होते.

"क्रुसावरून येशूनं आईला शिष्याच्या हवाली केलं. सख्खे भाऊ असते तर परक्याला कशाला सांगितलं असतं?"

"भावांनी तवर त्याला मानलंच नव्हतं ना, म्हणून," कल्पेश म्हणाला.

"चुलत व्हते म्हणून!" चिमाबाई कडाडली. "सख्खा असता तर आईला अशी टाकून पळाला असता? चुलत तो चुलतच!"

कल्पेशनं वाद सोडून वरण वाढून घेतलं. चिमाबाईचा चेहरा फुलला. विश्वनाथनं ताटात भात तसाच ठेवला आणि उठून हात धुतले.

चार दिवसांत त्यानं रांधा गावात भाड्यानं खोली घेतली. चिमाबाई कल्पेशच्या अंगावर धावून गेली. "काढलास ना शेवटी त्याला?"

कल्पेशला रडूच फुटलं. मागची खोली विश्वनाथच्या लग्नासाठी नीट करायची होती. फोन मुलीच्या बापाचे होते. "होकार आल्यावर सांगणार व्हतो. आधी कळलं असतं तर तू त्या पोरीच्या दारात पहारा दिला असतास."

आम्ही दोघी तशाच रांध्याला गेलो. विश्वनाथनं चटई टाकली.

"घरी चल. कल्पेशच्या मनात काय नव्हतं रे."

"ठाऊक हाय. तो मला कधी चुलत बोलला नाय." चोवीस वर्षं तिला आई म्हणणाऱ्या विश्वनाथनं पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला. "पाणी घ्या, काकी."