वळायला जागा ठेवणारे घरतकाका

कामोठ्याच्या साईटवर मी जिन्याची मापं घेत होते, तेव्हा सुनंदाचा फोन आला. "ताई, बाबा गेले. पहाटे, झोपेतच." सुनंदा म्हणजे नामदेव घरतांची मुलगी. मिठागरात राबणाऱ्या घरातून आलेले आणि पनवेलभर वायरिंग करत म्हातारे झालेले आमचे घरतकाका. त्यांना जाऊन आता दीड महिना झाला. आज कुठे शांतपणे लिहिता येतंय...

आमची ओळख एका प्रसूतिगृहाच्या कामावर झाली. मी नुकतीच साईट इंजिनीअर झाले होते, ते वायरमन लोकांचे मुकादम. तळमजल्याच्या एका कोपऱ्यात जाड केबली वळवायच्या होत्या. पाईपातून ओढलेली केबल जिथे वळवून पुढच्या पाईपात घालतात, तिथे भिंतीत एक लोखंडी पेटी बसवतात. तिला आम्ही पुल बॉक्स म्हणतो. कंत्राटदाराने दहा इंची आणले. काकांनी मला बाजूला बोलावलं. "मॅडम, नियम तुमच्याच कागदात हाय. केबल वळते तिथं पेटी मोठ्या पाईपाच्या सहापट. पाईप दोन इंची, म्हंजे बारा. त्याच बाजूला दुसरा पाईप हाय, त्याचे दोन. चौदा पायजे. यात केबल वळणार नाय, कोंबायला लागंल."

कंत्राटदाराला दुसऱ्या दिवशी प्लास्टर उरकायचं होतं. "दहाचा चालेल ना, मॅडम?" सगळे माझ्याकडे बघत होते. हिशेब मला समजला होता, तरी मी म्हणाले, "चालेल." काका पिशवी उचलून निघून गेले, ते त्या कामावर परत आले नाहीत.

प्रसूतिगृह सुरू होऊन वर्ष झालं नसेल, एका सकाळी तिथे जळका वास सुटला आणि एका वॉर्डची वीज गेली. बाळंतिणींना बाळांसकट दुसरीकडे हलवावं लागलं. कुणाला इजा झाली नाही. बातमी कळताच मी तिथे पोचले. ज्यांचं प्रसूतिगृह होतं, त्या डॉक्टरीणबाईंनी काकांनाच बोलावून घेतलं. त्यांनी त्या दहा इंची पेटीचं झाकण काढलं. पेटीच्या कडेला घासून केबलचं आवरण सोललं होतं, आतलं तांबं दिसत होतं. आता काका काय ते सुनावतील, म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. ते फक्त गवंड्याला म्हणाले, "चौदाचा बसंल एवढा तोड."

संध्याकाळी चहा घेताना मी म्हटलं, "काका, तेव्हा मी बोलायला हवं होतं."

ते म्हणाले, "मी बी थांबायला पायजे होता, बाय. राग आला आन् गेलो. डॉक्टरीणबायना तरी सांगायचा होता..." कप खाली ठेवत म्हणाले, "आता दोघं बोलू."

त्या दिवसापासून मी त्यांची 'बाय' झाले, घरच्या लेकीसारखी. पुढे कितीतरी साईटवर आम्ही दोघं बोललो. लोकांनी नाकं मुरडली, कामं लांबली. पेट्या मात्र मापातच बसल्या.

परवा चिरनेरला त्यांच्या घरी गेले. वरची खोली बांधायचं सुनंदाच्या मनात आहे. तिने पडवीतल्या भिंतीवरची एक पेटी उघडून दाखवली. चांगली ऐसपैस, आणि रिकामी. तिच्यातून एक पाईप सरळ गच्चीपर्यंत गेलेला, आणि त्यात काकांनी पुढे वायर ओढता यावी म्हणून लोखंडी तार घालून ठेवलेली. सुनंदा वरचं टोक बघायला गच्चीवर गेली, आणि मी खालचं टोक धरून हलकेच ओढलं. गच्चीवरून सुनंदाची हाक आली, "ताई, हलली!"